डॅशबोर्डवर काळी पडलेली चिठ्ठी: गाडीचा खर्च आणि इन्कम टॅक्स, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता लिहून गेलो होतो की गाडीचा खर्च धंद्यात टाकता तर टाका, पण दाखवायला काहीतरी ठेवा राजेहो. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की या वेळची सगळी पानं त्यातच गेली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम गाळलीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू आहे अन् कलमांचे नंबर बदललेत, पण नोटिसा येतात त्या मागच्या वर्षांच्या आणि त्यांना १९६१ चाच कायदा, म्हणून खाली नंबर जुनेच वापरलेत.

प्रश्न: हिंगणा रोडला माझं इलेक्ट्रिकल सामानाचं होलसेल दुकान आहे. कार एकच, तीच धंद्याला तीच घरी. दरवर्षी पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग सगळं धंद्यात टाकत आलो, कोणी काही विचारलं नाही. आता नोटीस आली, गाडीच्या खर्चाचे पुरावे द्या अन् पर्सनल वापर किती ते सांगा म्हणून राहिले. माझ्याकडं बँक स्टेटमेंट आहे, पंपावर दिलेला एकेक रुपया त्यात दिसतो. तेवढं काहून पुरत नाही? पैसे तर खरंच गेले ना.

उत्तर: पैसे गेले याबद्दल त्यांनाही शंका नाही भाऊ. कशासाठी गेले, हा प्रश्न आहे. कलम ३७(१) म्हणतं की खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालेला पाहिजे, आणि ३८(२) म्हणतं की गाडी थोडी धंद्याला थोडी घरी वापरली तर धंद्याच्या वाट्यापुरताच खर्च अन् घसारा (गाडीची झीज म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) मिळेल. आता तुमचं बँक स्टेटमेंट काय सांगतं, तर अमुक तारखेला वर्धा रोडच्या पंपावर २,००० रुपये दिले. त्या पेट्रोलवर तुम्ही बुटीबोरीच्या गिऱ्हाइकाकडं गेलात का सासूबाईंना घेऊन रामटेकला, हे त्याला माहीत नाही. म्हणजे पुरावा अर्धाच झाला, दुसरा अर्धा तुम्हालाच तयार ठेवावा लागतो आणि तो वर्षाच्या शेवटी बनत नाही, रोजच्या रोजच बनतो.

आधी पहिला अर्धा. पंपाची चिठ्ठी. ती थर्मल कागदावर असते, त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षरं उमटलेली असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, बंद गाडीत डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त, आणि आपण चिठ्ठी कुठं टाकतो तर काचेखाली, डॅशबोर्डवर. दहा दिवसांनी उचला, अख्खी चिठ्ठी काळी कुळकुळीत. पाकिटात ठेवली तर उलटं, दोन वर्षांत कोरी पांढरी. माझ्याकडं एक जण जाडजूड पाकीट घेऊन आले होते, रबरबँड लावून महिन्यावार गठ्ठे केलेले, कष्ट दिसत होते हो माणसाचे, पण उघडून पाहिलं तर निम्म्यावर काहीच वाचता येईना. म्हणून पंपावरच फोटो काढा, फोनमध्ये महिन्याचं फोल्डर, झालं. यूपीआय किंवा कार्डनं दिलं तर चिठ्ठी अन् बँकेची नोंद एकमेकींना आधार देतात, रोखीत दिलं तर चिठ्ठीच सगळं.

आता दुसरा अर्धा. धंदेवाल्यानं गाडीचं लॉगबुक ठेवलंच पाहिजे असं आपल्या कायद्यात कुठं सरळ लिहिलेलं नाही. पण नोकरदाराला कंपनीची गाडी असते तिच्यासाठी आयकराच्या नियम ३ मध्ये सांगितलंय की प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर अन् त्यावरचा खर्च याची नोंद कंपनीनं ठेवावी. मी हाच नमुना धंदेवाल्यांनाही देतो, कारण खात्यानं स्वतःच सांगितलेल्या नमुन्यातल्या नोंदीला नावं ठेवणं तपासणाऱ्याला जड जातं. दहा रुपयांची वही गाडीच्या कप्प्यात टाका. एका ओळीत तारीख, निघताना मीटर, आल्यावर मीटर, कुठं गेलो, कोणाकडं, कशाला. "हिंगणा ते कळमेश्वर एमआयडीसी, अमुक पार्टी, केबलचं पेमेंट घ्यायला, बिल नंबर इतका", बस्स. बिल नंबर लिहिला की ती ओळ तुमच्या विक्रीच्या पुस्तकाला जाऊन चिकटते, मग ती खोटी ठरवणं सोपं नाही. घरच्या फेऱ्या लिहायची गरज नाही, पण १ एप्रिलला सकाळी अन् ३१ मार्चला रात्री मीटरचा फोटो मात्र हवाच, कारण एकूण किलोमीटर कळल्याशिवाय टक्का निघत नाही. घर ते दुकान ही रोजची फेरी मी धंद्यात धरत नाही. काही जण धरतात, भांडतातही, पण एवढ्यासाठी बाकीच्या वहीवरचा विश्वास कशाला घालवायचा.

हिशोब कसा बसतो ते पाहा, आकडे मनाचे आहेत. वर्षात गाडी फिरली १६,५०० किलोमीटर, वहीत धंद्याच्या फेऱ्यांची बेरीज ११,८८०, म्हणजे ७२ टक्के. पेट्रोल १,२५,०००, इन्शुरन्स १९,०००, सर्व्हिसिंग आणि टायर ३१,०००, लोनचं व्याज ४५,०००, एकूण २,२०,०००, त्याचे ७२ टक्के १,५८,४००. गाडीची शिल्लक किंमत ८ लाख असेल तर १५ टक्क्यांनी घसारा १,२०,०००, त्यातले ७२ टक्के ८६,४००. दोन्ही मिळून २,४४,८०० धंद्यात. आणि तपासणारा उलटा गुणाकार करतो हे लक्षात ठेवा: सव्वा लाखाचं पेट्रोल म्हणजे १०५ च्या भावानं साधारण ११९० लिटर, लिटरला १४ धरले तर साडेसोळा हजार किलोमीटरच्या आसपास, जमतं. तेच तुम्ही पेट्रोल तीन लाख दाखवलं अन् मीटर साडेसोळाच हजार फिरलेलं, तर गाडी लिटरला सहाचं अ‍ॅव्हरेज देते असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

तुमच्याकडं वही नाही, नोटीस तर आलीय, मग आता काय. जे त्या वेळी आपोआप तयार झालं ते गोळा करा. फास्टॅगचं स्टेटमेंट काढा, त्यात टोलनाका, तारीख, वेळ सगळं असतं, अमरावती, चंद्रपूर, समृद्धीवरच्या फेऱ्या त्यात सापडतील. सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड मागवा, त्यावर त्या दिवशीचं मीटर लिहिलेलं असतं, वर्षात दोन जॉबकार्डं मिळाली तरी एकूण किलोमीटर बऱ्यापैकी बांधता येतात. फोनमध्ये लोकेशनची टाइमलाइन चालू असेल तर ती, पार्टीशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप, माल पोचवल्याची चलनं, दुकानातली डायरी. यावरून तक्ता बनवा आणि वर स्पष्ट लिहा की हा तक्ता नंतर बनवलाय, अमुक अमुक कागदांवरून. आणि घरचा वापर स्वतःहून कबूल करा. घरात एकच कार असताना शंभर टक्के धंदा म्हणणं कोणालाच पटत नाही, मलाही नाही.

एक करू नका, मागच्या तारखांची नवीकोरी वही. एका क्लायंटनं अशी आणली होती, २०२३-२४ ची. एकाच निळ्या पेननं, एकाच बैठकीत लिहिलेली, अक्षर शेवटी शेवटी थकत गेलेलं. मी पानं चाळत सप्टेंबरवर आलो. २३ सप्टेंबरला धरमपेठ, अंबाझरी, हिंगणा अशी चार ठिकाणं लिहिलेली. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागपुरात घरांघरांत पाणी शिरलं होतं, हे शहरात कोणाला सांगायला नको, अन् याच भल्या माणसाची हीच गाडी त्या दिवशी पार्किंगमध्ये बुडाली होती, इन्शुरन्स क्लेमचे कागद त्याच फाइलमध्ये. पुढचे तीन आठवडे गाडी वर्कशॉपमध्ये आणि वहीत मात्र रोज फिरतेय! वही मी टेबलावरून परत सरकवली, ती नंतर पुढं आली नाही. हसण्यावारी नेऊ नका, पुरावाच नसलेला खर्च दाखवणं कलम २७०ए मध्ये मिसरिपोर्टिंग, म्हणजे उत्पन्न चुकीचं दाखवणं, धरलं जातं आणि त्याला दंड त्या रकमेवरच्या टॅक्सच्या २०० टक्के. पुस्तकात खोटी नोंद निघाली तर २७१एएडी वेगळंच, तिथं नोंदीच्या रकमेएवढा दंड.

आता तपासणी फेसलेस झालीय. पूर्वी सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनात जाऊन साहेबांसमोर बसून सांगता यायचं, साहेब धंदाच फिरतीचा आहे, बघा ना. आता तुमची फाइल कुठल्या शहरात उघडलीय तेही कळत नाही, जे पोर्टलवर अपलोड केलं तेवढंच तुमच्या वतीनं बोलतं. कागद कच्चे दिसले की पाचवा हिस्सा, दहावा हिस्सा पर्सनल म्हणून सरळ कापायची जुनी सवय आहे. एकही चूक न दाखवता असा अंदाजपंचे कट मारला तर अपिलात ट्रिब्युनलनं तो काढून टाकल्याची उदाहरणं भरपूर आहेत, पण तिथं जिंकतात ते ज्यांची वही होती ते.

प्रश्न: मी डॉक्टर, धंतोलीत क्लिनिक. ४४एडीए मध्ये, म्हणजे खर्चाचा हिशोब न देता कमाईच्या पन्नास टक्के नफा दाखवून रिटर्न भरते. नवीन कारचा घसारा वेगळा मिळेल का?

उत्तर: नाही मॅडम. उरलेले पन्नास टक्के म्हणजे तुमचा सगळा खर्च असं कायद्यानंच मानलंय, कार, घसारा, कंपाउंडर सगळं त्यात आलं. उलट तो घसारा मिळाला असं धरून गाडीची किंमत दरवर्षी कमी होत जाते. गाडीचं बिल जपा, पुढं कधी नॉर्मल हिशोबावर आलात तर लागेल.

प्रश्न: कार बायकोच्या नावावर आहे, ती नोकरी करते, हप्ते तिच्या पगारातून जातात. पण दिवसभर मीच वापरतो, विमा एजंट आहे, विदर्भभर फिरतो. खर्च टाकू का?

उत्तर: तुमच्या फिरतीत जळलेलं पेट्रोल तुमच्या धंद्याचं, गाडी कोणाची का असेना, ३७(१) मालकी विचारत नाही. पेट्रोल, टोल, सर्व्हिसिंगमधला तुमच्या किलोमीटरचा वाटा तुमच्या खात्यातून द्या अन् वही ठेवा, तुमच्या कामात तर भेटींची डायरी आधीच असते, त्यातच मीटरचे दोन रकाने वाढवा. घसाऱ्याचा मात्र नाद सोडा. त्याला मालकी लागते. आरसी दुसऱ्याच्या नावावर असूनही खरा मालक कोण हे पाहून घसारा दिल्याचा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आयसीडीएस कंपनीचा निकाल लोक फेकतात, पण तिथं पैसे खरंच त्या कंपनीचे होते, तुमच्याकडं हप्ता वहिनींच्या पगारातून जातो, मग खरा मालक कोण हे मी सांगायला पाहिजे का. बायकोला भाडं देतो असा करार करा असंही कोणी सुचवेल, पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं देणं आरटीओच्या नियमांत बसत नाही, मी तरी त्या वाटेला जात नाही.

प्रश्न: सक्करदऱ्याच्या मेकॅनिककडं इंजिनचं काम काढलं, २६,००० झाले, रोख दिले, त्यानं लेटरपॅडवर लिहून दिलं. मित्र म्हणतो तीन दिवसांची तीन व्हाउचरं करून टाक.

उत्तर: मित्राला चहा पाजा, सल्ला घेऊ नका. एका माणसाला एका दिवसात रोखीनं १०,००० च्या वर दिले तर ४०ए(३) मध्ये तो अख्खा खर्च जातो, नुसते वरचे १६,००० नाही, पूर्ण २६,०००. ही मर्यादा २०१७-१८ पासून आहे, आधी २०,००० होती, ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायचे असतील तर ३५,०००. पैसे खरंच तीन वेगळ्या दिवशी दिले असते तर गोष्ट निराळी, पण दिलेत एकाच दिवशी आणि कागद तीन दिवसांचे, म्हणजे आत्ताच वर सांगितलेली खोटी नोंद झाली. यावेळचे गेले समजा. पुढच्या वेळी यूपीआय करा, आणि लेटरपॅडवर गाडीचा नंबर, मीटर, काय काय बदललं ते लिहून सही घ्या, छोट्या मेकॅनिककडं छापील बिल नसतं हे सगळ्यांना माहीत आहे, तेवढ्यानं काम अडत नाही.

प्रश्न: जीएसटी भरतो. कार, स्कूटर अन् छोटा हत्ती अशा तीन गाड्या दुकानाच्या. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कशाकशाचं मिळतं?

उत्तर: छोटा हत्ती माल वाहतो, त्याचं मिळतं, त्याच्या रिपेअर अन् इन्शुरन्सचंही. कार अन् स्कूटर माणसं वाहतात, ड्रायव्हर धरून १३ सीटपर्यंतच्या अशा गाड्यांचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये बंद आहे, त्यांच्या रिपेअर-इन्शुरन्सचंही बंद, अपवाद टॅक्सीवाले, गाडी विकणारे, ड्रायव्हिंग स्कूलवाले. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीच. कारवर भरलेला जीएसटी किमतीत मिळवून त्यावर घसारा घ्या, पण छोट्या हत्तीचं क्रेडिट घेतलं असेल तर त्या रकमेवर पुन्हा घसारा नको, एकच पैसा दोनदा मिळत नसतो.

प्रश्न: आमच्या घरात गाडी दसऱ्यालाच येते. घसारा पूर्ण मिळतो का अर्धा? आणि हप्ता पूर्ण खर्चात टाकायचा ना?

उत्तर: पंचांग पाहूनच सांगावं लागेल, खरंच. घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्मा. ३१ मार्चपासून मागं मोजत या, ३ ऑक्टोबरला बरोबर १८० भरतात. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे पूर्ण १५ टक्के. २०२४ चा १२ ऑक्टोबरला, म्हणजे साडेसातच. अन् नुसती डिलिव्हरी घेऊन हार घालून पार्किंगला लावली तर चालत नाही, धंद्यात वापरायला लागलेली पाहिजे, म्हणून शोरूममधून निघून सीताबर्डीत पेढे वाटून झाले की त्याच दिवशी एका पार्टीकडं चक्कर मारा आणि वहीची पहिली ओळ लिहून टाका.

हप्ता पूर्ण टाकायचा नाही, ही चूक मला दर जुलैत दिसते. हप्त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल म्हणजे गाडीची किंमत, ती घसाऱ्यातून येते. बँकेकडून व्याजाचं वार्षिक सर्टिफिकेट मागून घ्या. डाउन पेमेंट १०,००० च्या वर रोखीनं दिलं तर तेवढी रक्कम किमतीतच धरत नाहीत, तिच्यावर घसारा नाही. आणि गाडी १० लाखांच्या वरची असेल तर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच तुमच्या नावानं गोळा केलेला टॅक्स) घेतो, तो किमतीत मिसळू नका, २६एएस या तुमच्या टॅक्सच्या उताऱ्यात दिसेल, तुमच्या टॅक्समधून वळता करून घ्या. बारा लाखांच्या गाडीवर बारा हजार होतात, कित्येक जण ते मागतच नाहीत.

प्रश्न: हेल्मेटचं ई-चलान?

उत्तर: नाही. कायदा मोडल्याचा दंड धंद्याचा खर्च होत नाही.

प्रश्न: इतवारीत आमचं दुकान, चार मुलं वसुलीला स्वतःच्या टू-व्हीलरवर फिरतात. प्रत्येकाला महिन्याला ३,००० पेट्रोलचे देतो, रोख. काही कागद नाही. चालतं का?

उत्तर: चाललं असतं थोड्या कागदावर. आत्ता ते ३,००० म्हणजे पगारच दिसतो, तुम्हाला खर्च मिळेलही, पण तो मुलांच्या पगारात धरला जाऊ शकतो. दर किलोमीटरला एक रेट ठरवा, पेट्रोल अन् गाडीची झीज धरून पटण्यासारखा, आणि एका कागदावर लिहून सही करून ठेवा. रोज संध्याकाळी वसुली जमा करायला पोरं गल्ल्यावर येतातच, तिथंच एक रजिस्टर, तारीख, कोणत्या भागात, किती पार्ट्या, किलोमीटर, सही. वसुलीच्या पावत्या अन् हे रजिस्टर शेजारी शेजारी ठेवले की गांधीबाग, महाल, कळमना सगळं जुळताना दिसतं. महिनाअखेरीला बेरीज करून खात्यात ट्रान्सफर. आणि रजिस्टर दिवाळीच्या सफाईत रद्दीत देऊ नका, असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं ठेवा, जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. पोरं सुरुवातीला कुरकुर करतील. एखादा रोज गोल आकडा लिहील, २०, ३०, २०, ३०, त्याला आठवडाभर गाडीच्या मीटरचा फोटो पाठवायला लावा.